सांडव्यावर पोती रचून तलावाचं पाणी वाढवायचं म्हणतात. मातीच्या छोट्या धरणाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे

बांधावरचा

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

आमच्या वस्तीचा एक तलाव आहे. ओढ्यावर मातीचा बांध घालून केलेला, जुना. पाणी शेतीला जातं, आणि सगळ्यांचं विरंगुळ्याचं ठिकाणही तेच. पोहणं, गळ टाकून बसणं, दोन-तीन लहान होड्या, संध्याकाळी बांधावरून फेरी. मी गेली अकरा वर्षं रोज पहाटे या बांधावरून चालतो.

मापं सांगतो. तलाव भरला की बांधाशी पाण्याची लांबी १२० मीटर, सर्वांत जास्त खोली ६ मीटर, आणि पाणी मागे ३०० मीटरपर्यंत पसरतं. सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी निघून जायची वाट, डाव्या अंगाला, १० मीटर रुंद. त्याच्या उंबऱ्यापासून बांधाचा माथा १ मीटर वर.

आता दोन गोष्टी. एक, आमच्या तलाव समितीत असं ठरू घातलंय की पावसाच्या शेवटी सांडव्यावर वाळूची पोती रचून पाणी ४० सेंटिमीटर वाढवायचं. होड्या आणि पोहणं आणखी दोन महिने चालेल, शेतीलाही पाणी मिळेल. मी विरोध केला तर "तुला काय कळतं धरणातलं" असं ऐकावं लागलं. खरंच, शिक्षणाने मी यातला नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त छळतेय. बांधाच्या कोरड्या बाजूला, पायथ्यापासून गुडघाभर वर, चटईएवढा एक ओला डाग आहे. आजूबाजूचं गवत वाळलंय, तिथलं मात्र हिरवंगार. काल पाय ठेवला तर टाच रुतली. हा डाग मागच्या वर्षी नव्हता, एवढं मी छातीठोक सांगतो.

काय करू?

मुरूम_माती

तीस वर्षं पाटबंधाऱ्याची कामं केली, त्यातली निम्मी मातीच्या बांधांवर. आधी पोत्यांचं बोलतो, कारण ते आजच्या आज थांबवता येईल.

दगडी धरणावरून पाणी गेलं तर ते सहसा टिकतं. मातीच्या बांधावरून गेलं तर माथा आणि खालचा उतार खरवडला जातो, आणि एकदा घळ पडली की ती काही तासांत बांध कापून काढते. म्हणून मातीच्या बांधाचा जीव सांडव्यात असतो. वरचा १ मीटर रिकामा दिसतो, पण ती जागा पुराची आहे.

हिशोब करून बघा. सांडव्यावरून जाणारं पाणी साधारण असं काढतात: १.७ गुणिले रुंदी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात. १० मीटर रुंदी आणि पूर्ण १ मीटर उंची धरली तर सेकंदाला १७ घनमीटर. पोती ४० सेंटिमीटरची रचली की उरतात ६० सेंटिमीटर, आणि तेवढ्यातून जातात जेमतेम ८ घनमीटर. उंची निम्म्याहूनही कमी घटली, पण सांडव्याची ताकद निम्म्याहून जास्त गेली. समितीला हा एक आकडा दाखवा.

पूर आला की पोती वाहून जातील, असं कुणी म्हणेल. पोती कधी वाहतील हे पोतीच ठरवतात. नाही वाहिली तर बांध जातो. सगळी एकदम वाहिली तर खालच्या लोकांवर अचानक लोंढा जातो.

ओल्या डागाबद्दल आधी मला सांगा: पाणी नितळ येतंय की गढूळ? किती येतंय? आणि शेतीला पाणी सोडायचा पाइप त्या डागापासून किती लांब आहे?

पाणवठा

मी आमच्याकडच्या पाणीवाटपाच्या पाळ्या लावते, म्हणून दुसरी बाजू मांडते. बांधावरचा, तुमच्या समितीला सरसकट वेड्यात काढू नका.

लहान तलावाचा साठा काढायचा सोपा मार्ग म्हणजे बांधाशी पाण्याची लांबी, मागचा पसारा आणि खोली यांचा गुणाकार करून ६ ने भागायचं. १२० × ३०० × ६ भागिले ६, म्हणजे ३६,००० घनमीटर. वरचं पाणी पसरट असतं. तुमचं क्षेत्र साधारण १.८ हेक्टर धरलं तर ४० सेंटिमीटरचे ७,२०० घनमीटर झाले. साठ्याचा पाचवा हिस्सा! शेवटचं एक पाणी मिळालं नाही म्हणून पीक हातचं जाताना मी पाहिलंय. त्या माणसाला "पुराची जागा" म्हणून सांगायला गेलात तर तो ऐकणार नाही. त्याला ते ७,२०० घनमीटर दुसरीकडून कुठून येतील ते सांगा.

मुरूम_माती

पाणवठा, तुमचं म्हणणं रास्त आहे. त्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तलावातच सापडतं. बांधावरचा, तुमच्या पाइपचा व्हॉल्व बंद असताना खालच्या तोंडातून पाणी येतं का? येत असेल तर मोजा. बादली आणि घड्याळ पुरेल.

गळ_टाकून

एक शंका विचारतो. सांडवा वाहायला लागला की आमचे मोठे मासे खाली निघून जातात. आम्ही दरवर्षी सांडव्याच्या तोंडाशी जाळी लावतो. पाणी अडत नाही, फक्त मासे अडतात. ही तर चालेल ना?

मुरूम_माती

नाही चालणार. कृपा करून उद्याच काढा.

यावर एक घडलेली गोष्ट सांगतो, कारण यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याजवळ नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं, सुमारे २२ मीटर उंच. कालव्याच्या पाण्यासाठी बांधलेलं, पुढे निरुपयोगी झालं. तळातून पाणी सोडायचे लोखंडी पाइप मधल्या एका मालकाने काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये ते एका मासेमारी आणि शिकारीच्या क्लबने घेतलं. सदस्य बडे उद्योगपती होते, अँड्र्यू कार्नेगी त्यातलेच. क्लबने माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा उतरवला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. पाइप परत बसवले नाहीत, म्हणजे पातळी उतरवायची सोयच उरली नाही.

३१ मे १८८९ ला मोठा पाऊस झाला. ओंडके आणि काडीकचरा जाळ्यांत अडकला. माणसं ते उपसत होती, दुसरीकडून पाण्याला वाट खोदत होती. दुपारी पाणी माथ्यावरून गेलं आणि बांध गेला. खाली जॉन्सटाउन शहरात २,२०९ माणसं मेली.

यातला एकेक बदल वेगळा पाहिला तर किरकोळ वाटतो. रस्ता थोडा रुंद, मासे थोडे जास्त. तुमची जाळी कोरड्या दिवशी पाणी अडवत नसेल, पण पुराच्या दिवशी तीच भिंत होते.

गळ_टाकून

वाचून गप्प झालो. जाळी उद्या सकाळी काढतो, आमच्या गटातल्या बाकीच्यांनाही हे वाचायला देतो.

बांधावरचा

तुमच्या प्रश्नांची उत्तरं गोळा करायला तीन दिवस लागले.

पाणी नितळ आहे. काचेच्या ग्लासात धरून रात्रभर ठेवलं, तळाला काही बसलं नाही. डागाच्या खालच्या कडेला हातभर चर काढून मोजायचा विचार होता, पण बांधाला हात लावायला जीव धजावला नाही.

पाइप डागाच्या उजवीकडे, साधारण दोन मीटरवर. व्हॉल्व घट्ट बंद असतानाही तोंडातून धार येते. १० लिटरची बादली २० सेकंदांत भरली. पाच वेळा मोजलं, दर वेळी १९ ते २१ सेकंद. व्हॉल्व खालच्या बाजूला आहे, एका चौकोनी हौदात.

आणखी एक केलं. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन, गवंडी लेव्हल काढतात तशी, माथ्याची पातळी तपासली. मुलगी एका टोकाला, मी दुसऱ्या. माथ्याचा मधला भाग कडेपेक्षा १५ सेंटिमीटर खाली आहे! तिथूनच ट्रॅक्टर जातात, दोन चाकोऱ्या पडल्यात आणि पाऊस पडला की त्यात पाणी साचतं. अकरा वर्षं त्यावरून चालतोय, कधी ध्यानात आलं नाही.

मुरूम_माती

चर काढला नाहीत ते फार बरं केलंत. पाणी झिरपतंय तिथली माती उकरणं म्हणजे त्याला जवळची वाट देणं.

एकेक घेऊ. माथा मध्ये १५ सेंटिमीटर खचलाय म्हणजे तुमची मोकळी उंची १ मीटर नाही, ८५ सेंटिमीटरच आहे. पाणी सगळ्यांत सखल जागेवरूनच जाणार. सांडवा १७ नाही, १३ घनमीटरचा झाला. त्यावर ४० सेंटिमीटरची पोती म्हणजे उरले ४५, आणि त्यातून जातात फक्त ५. यात लाटांसाठी काहीच राखलेलं नाही, तेही धरा.

आता धार. २० सेकंदांत १० लिटर म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर, दिवसाला ४३,२०० लिटर. पावसानंतरचे १५० दिवस धरले तर ६,४८० घनमीटर. पाणवठा, तुम्ही विचारलेले ७,२०० घनमीटर बहुतेक इथे सापडले. पोती रचून जेवढं कमवायचं, जवळपास तेवढंच एका खराब व्हॉल्वमधून या १५० दिवसांत ओढ्यात जातंय.

मात्र मला खरी चिंता दुसऱ्याच गोष्टीची आहे. व्हॉल्व खालच्या तोंडाला असेल आणि वरच्या तोंडाला दार नसेल, तर बांधाच्या पोटातला सगळा पाइप बारा महिने दाबाखाली भरलेला असतो. त्याचा एखादा सांधा उघडला तर पाणी थेट भरावात जातं. पाइपच्या कडेने माती नीट दाबायला कठीण असते, त्यामुळे तीच वाट सगळ्यांत कमकुवत. तुमचा डाग दोन मीटरवर आहे. योगायोगही असेल, पण योगायोग समजून चालायचं नाही.

करायचं ते असं. डागाच्या चारी बाजूंना खुंट्या ठोका आणि त्यांच्या पुढे डाग सरकतोय का ते रोज बघा. तलावात मोजपट्टी उभी करा, रोज त्याच वेळी वाचन घ्या. पाणी उतरत असताना डागही आटत गेला तर तो तलावाच्याच पाण्याचा आहे. आणि मातीच्या बांधांचा अनुभव असलेला अभियंता प्रत्यक्ष बोलवा. हे मंचावरून सुटणारं काम नाही.

पाणी गढूळ झालं, किंवा जमिनीतून भाताला उकळी फुटावी तसे मातीचे बुडबुडे येऊन भोवती कडं जमायला लागलं, तर ओढ्याकाठच्या लोकांना आधी उठवा आणि मग फोन करा. अमेरिकेतल्या टीटन धरणाचं उदाहरण घ्या, ९३ मीटर उंच, पहिल्यांदाच भरत होतं. ५ जून १९७६ ला सकाळी गढूळ गळती दिसली, भोक बुजवायला गेलेले बुलडोझर आत गेले, आणि दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं.

रानवाट

धागा सुरुवातीपासून वाचतेय. ओल्या जागी चिकणमाती थापून बुजवलं तर? आमच्याकडे तसंच करतात.

मुरूम_माती

बाहेरून बुजवलं की पाणी आत कोंडतं, उतार फुगतो आणि बाजूने दुसरीकडून फुटतं. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपणारच. ते पाणी यावं, त्याच्याबरोबर माती येऊ नये. म्हणून गळतीवर आधी स्वच्छ वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर जाड खडी असे थर देतात. पाणी गाळून बाहेर पडतं, माती जागच्या जागी राहते. चहाच्या गाळण्यासारखं समजा. वाळू किती जाड हवी ते बांधाच्या मातीवर ठरतं, म्हणून तेही अभियंत्याकडूनच.

निवळशंख

तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांनी बांध पोखरला असं म्हटलं गेलं होतं. प्राणी खरंच एवढं करू शकतात का? आमच्या बांधावर वारुळं आहेत, आणि मोठी झाडंही. झाडं माती धरून ठेवतात ना?

मुरूम_माती

खेकडे, घुशी, वाळवी हे सगळे बिळं करतात, आणि लहान बांधात बीळ पार आत गेलं तर पाण्याला आयती वाट मिळते. पण बीळ एका रात्रीत होत नाही. तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री गेलं, आणि गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी त्याआधी केल्या होत्या. माझ्या मते दोष द्यायचाच तर न केलेल्या देखभालीला द्यावा.

झाडांचं उलटं आहे. जिवंत मुळं माती धरतात, पण झाड मेलं की मुळं कुजतात आणि मनगटाएवढ्या नळ्या बांधाच्या पोटात मोकळ्या राहतात. वादळात झाड उन्मळलं तर बांधाचा लचकाच निघतो. रोपटी लहान असतानाच काढावीत. मोठी झाडं मात्र मुळासकट उपटू नका, विचारून करा. बांधावर गवत हवं, तेही कापलेलं. उंच गवतात ओला डाग दिसतच नाही.

तरंग

मी पोहायला शिकवते. सुरक्षेचा एवढा विषय चाललाय तर पाण्यातलंही लिहिते.

बांधावरचा, तुमच्या पाइपचं आतलं तोंड कुठे आहे ते पोहणाऱ्यांना ठाऊक आहे का? ४ मीटर खोलीवर ३० सेंटिमीटर व्यासाचं तोंड असेल आणि व्हॉल्व पूर्ण उघडा असेल, तर ते तोंड अंगाने झाकलं गेल्यावर सुमारे २८० किलोचा दाब माणसाला तिथेच दाबून धरतो. कितीही चांगला पोहणारा असो, सुटत नाही. वरून पाणी अगदी शांत दिसतं. पाणी सोडायच्या दिवशी पोहणं बंद ठेवा, आणि त्या जागेभोवती तरंगती दोरी लावा. वाहत्या सांडव्यात खेळणाऱ्या मुलांना तर ताबडतोब बाहेर काढा. घोटाभर खोल पण वेगाचं पाणी आणि शेवाळलेला दगड, एवढं पुरतं.

आणखी एक, पाणी उतरलेल्या तलावाचा काठ. वरून वाळलेला पापुद्रा, खाली कमरेइतका गाळ. मी एका मुलाला त्यातून फळी टाकून काढलंय. आम्ही तिघं होतो तरी बराच वेळ लागला, आणि तो सारखा "ताई, पाय सापडत नाहीयेत" म्हणत होता.

पाणवठा

तरंग, हे वाचून पाळीच्या वेळापत्रकात "आज पोहणे बंद" असा रकाना वाढवतेय. सुचलंच नव्हतं.

बांधावरचा, बाष्पीभवनही मोजा. दिवसाला ५ मिलिमीटर धरलं तरी १.८ हेक्टरवरून ९०,००० लिटर रोज हवेत जातात. मोजपट्टीवरची घट त्याहून जास्त असेल तर बाकीचं सोडलेलं तरी आहे नाहीतर झिरपतंय. काठावर एक रुंद पिंप पाण्याने भरून ठेवा. पिंपातलं पाणी तलावापेक्षा जोरात आटतं, म्हणून त्याच्या घटीला ०.७ ने गुणायचं.

रानवाट

या सगळ्यावर सरकारी तपासणी नसते का?

मुरूम_माती

भारतात २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी त्यात बंधनकारक आहे. पण तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटी पूर्ण होत असतील तरच. ६-७ मीटरचा बांध त्यात बसत नाही. इंग्लंडमध्ये उंचीऐवजी साठा बघतात, २५,००० घनमीटरची मर्यादा आहे. तिथे हा तलाव कायद्याखाली आला असता. पाण्याला अर्थात दोन्हीकडे सारखंच वजन आहे. बांधाखाली कोण राहतं यावर धोका ठरायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

बांधावरचा

अडीच आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

समितीच्या बैठकीत १७, १३ आणि ५ हे तीनच आकडे फळ्यावर लिहिले. मग बादली समोर ठेवून ४३,२०० लिटर लिहिलं. ज्यांनी मला "काय कळतं" म्हटलं होतं त्यांनीच उठून विचारलं की व्हॉल्व कधी बदलायचा. पोती रद्द झाली.

अभियंते येऊन गेले. दोन तास नुसते चालत होते, बोलले फार थोडं. पाणी उतरवायला सांगितलं, पण दिवसाला ३० सेंटिमीटरच्या वर नाही. एकदम उतरवलं तर पाण्याकडचा उतार आतून ओलाच राहतो, बाहेरचा आधार निघून जातो आणि तो घसरतो. मग पाइपमध्ये कॅमेरा सोडला. आतल्या तोंडापासून तिसरा सांधा उघडलाय. पडद्यावर बोटभर फट दिसली आणि तिच्यातून बाहेरची काळी माती. मुलगी माझा हात घट्ट धरून उभी होती.

आता जुन्या पाइपच्या आत नवा पाइप सरकवणार आहेत. वरच्या तोंडाला दार बसेल, आणि खालच्या टोकाशी वाळूचा गाळणथर. माथ्याचा खचलेला भाग भरून, दाबून, जरा जास्तच उंच ठेवणार. ट्रॅक्टरसाठी खालून वेगळी वाट काढली. यंदा पोहणं आणि होड्या बंद, पोरं नाराज आहेत. शेतीचंही एक पाणी कमी पडणार, ते मी सगळ्यांना तोंडावर सांगितलं.

पाणवठा

कमी पडणारं पाणी सगळ्यांना सारखं कमी करा. शेवटच्या शेताला आधी द्या, मग वर या. भांडणं कमी होतात.

गळ_टाकून

आमच्या गटाने ठरवलंय, रोज कुणी ना कुणी तलावावर असतंच, तर खुंट्यांची पाहणी आणि मोजपट्टीचं वाचन आम्ही वहीत लिहू. मोजपट्टी नक्की किती वाजता वाचायची?

बांधावरचा

सकाळी सात. वारा नसतो, पाणी हलत नाही.

आजचं लिहून घ्या: भरल्या पातळीच्या २ मीटर १० सेंटिमीटर खाली. डाग चारही खुंट्यांच्या आत, वरची कड तळहाताएवढी आत सरकली आहे. पाणी नितळ.

मुरूम_माती

म्हणजे डाग तलावाचाच होता. वही पाण्यापासून जपा, आणि पाणी परत भरायला लागाल तेव्हा रोज दोनदा वाचा. पहिल्या भरण्याला मी येतो.